दमाची हजेरी

मुलाणीबाईंनी पहिल्याच दिवशी मला नापास केलं.

बदली होऊन मी त्यांच्या शाळेत हजर व्हायला गेलो होतो. कासार आंबोलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथली चौथीपर्यंतची दोन शिक्षकी शाळा. पाठीवर सॅक, हातात बदलीचा आदेश आणि मनात एवढंच, की मुख्याध्यापकबाई वयाने मोठ्या आहेत, तेव्हा नमस्कार जरा वाकून करायचा. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, समोर पोरं रांगेत. माझा आदेश त्यांनी हातात घेतला, न वाचताच काखेतल्या वहीत सरकवला आणि म्हणाल्या, "कदम सर ना? या, रांगेत या. छाती भरून श्वास घ्या आणि एकापासून आकडे म्हणा. एका टाळीला एक आकडा. मध्ये श्वास घ्यायचा नाही."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण बाई टाळ्या वाजवायला लागल्यासुद्धा. मी गडबडीत अर्धाच श्वास घेतला आणि सतरावर संपलो. माझ्या आधी दुसरीतली दोन वेण्यांची एक मुलगी अठरापर्यंत गेली होती. पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती.

"सिगारेट ओढता?" बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं.

"छे हो. म्हणजे... नाही."

"कदम सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "आधी दम घ्या, मग थाप मारा."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य आहे, हे मला दोन दिवसांनी कळलं. गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या पोराला तेच, 'उद्या नक्की येतो' म्हणणाऱ्या वायरमनला तेच. पण त्या दिवशी ते वाक्य फक्त माझ्यासाठी तयार झालंय असं वाटून माझे कान तापले होते.

बाईंचं नाव रशिदा. राहायला पौडला. त्यांचे यजमान युनूसभाई पौडच्या बाजारपेठेत शिंपीकाम करायचे. बाई बुटक्या, अंगाने भरलेल्या, कडक सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तो दोरीला असूनही दिवसातून तीनदा हरवायचा आणि तिन्ही वेळा तो मी कुठेतरी ठेवलेला असायचा, असं त्यांचं म्हणणं. आवाज असा, की त्या वर्गात दोनचा पाढा घ्यायला लागल्या की ओढ्यापलीकडच्या शेतात भात लावणाऱ्या बायकाही बे दुणे चार म्हणत. पौडहून येणाऱ्या वडाप जीपमध्ये त्यांची पुढची जागा ठरलेली. गाडी भरेपर्यंत ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवलेलं त्यांना खपत नसे. "बंद कर ते. धूर काय तुझ्या घरी न्यायचाय?" ड्रायव्हर बिचारा बंद करायचा. बरेचसे ड्रायव्हर त्यांच्याच हाताखालून गेलेले.

आकड्यांचा तो खेळ रोज सकाळी प्रार्थनेनंतर चालायचा. त्यासाठी बाईंनी एक वेगळी वही केली होती. वहीवर लाल शाईत लिहिलेलं : दमाची हजेरी. प्रत्येक मुलाच्या नावापुढे रोजचा आकडा. कोण चौदा, कोण एकोणीस. एखाद्याचा आकडा एकदम खाली आला, की त्याला बाजूला बसवायच्या, खोकला ऐकायच्या, पाठीला कान लावायच्या आणि घरी चिठ्ठी धाडायच्या. पौडच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी त्यांना कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, की मूल एका श्वासात किती बोलू शकतं याकडे लक्ष ठेवा, पुष्कळ गोष्टी कळतात. डॉक्टर हे बोलले आणि विसरले असतील. बाई विसरल्या नाहीत.

याला कारण होतं शाळेसमोरचा रस्ता. वरच्या डोंगरउतारावर प्लॉट पाडायचं काम निघालं होतं. शहराजवळचं भूगाव भरलं, आता बंगले इकडे सरकत होते. दिवसभर मुरूम भरलेले हायवा डंपर शाळेच्या फाटकाला घासून जायचे. रस्ता कच्चा. एक डंपर गेला की दहा मिनिटं समोरचं पिंपळाचं झाड दिसायचं नाही. फळ्यावर लिहायच्या आधी फळा पुसायचा, लिहून झालं की परत पुसायचा. खिचडीच्या पातेल्यावर ताट, ताटावर ओलं फडकं. पोरांच्या भुवया तांबड्या. तिसरीतल्या एकाने चित्रात आकाश तांबडं रंगवलं, तेव्हा मी त्याला रागावलो. बाई म्हणाल्या, "कशाला रागावता? बघून काढलंय त्याने."

मी तेव्हा तिशीत होतो, स्वतःला शहाणा समजत होतो. मी बाईंना सांगितलं, ही वही शास्त्रीय नाही. पोरं लबाडी करतात, कुणी नाकातून चोरून श्वास घेतो, कुणाला सर्दी असते. बाईंनी ऐकून घेतलं. मग वही उघडून माझ्यापुढे ठेवली. दिवाळीच्या सुट्टीत काम बंद होतं, त्यानंतरचा पहिला दिवस आणि नंतर डंपर सुरू झाल्यावरचा आठवडा. पहिल्या दिवशी सगळ्यांचे आकडे चढलेले, आठवड्याने सगळ्यांचे उतरलेले. "लबाडी करतात हे खरंय," त्या म्हणाल्या, "पण सुट्टीनंतर सगळीच एकदम कशी काय लबाड होतात?"

दुसऱ्या दिवसापासून टाळ्या वाजवायचं काम माझ्याकडे आलं.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी पटनोंदणी बघितली, पोषण आहार बघितला आणि ही वही हातात घेऊन म्हणाले, "हे काय नवीन?" बाईंनी त्यांनाही उभं केलं. साहेब बारावर थांबले, लाल झाले आणि खुर्चीत बसले. जाताना त्यांनी शेरा लिहिला, 'उपक्रम स्तुत्य.' त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर बाई तो शेरा दोनदा वाचून म्हणाल्या, "स्वतःचा आकडा नाही लिहिला."

रस्त्यावर पाणी मारावं, डांबर टाकावं, म्हणून बाईंनी अर्ज करायला सुरुवात केली. कुठल्या कुठल्या कचेऱ्यांना केले ते आता मलाही आठवत नाही. उत्तर एकाचंही येईना. मग त्यांनी अर्जाला एक जोडणी सुरू केली. अर्जाच्या शेवटी सुवाच्य अक्षरात : 'सोबत : १) मागील अर्जाची प्रत. २) वर्गखोलीतील धूळ, एका दिवसाची.' आणि खरंच, संध्याकाळी दोन्ही वर्ग झाडून निघालेली धूळ तांबड्या भुकटीसारखी पाकिटात भरून त्या टाचणी लावायच्या. एका कचेरीतल्या कारकुनाने असं पाकीट पंख्याखाली उघडलं. पुढचं मी बघितलेलं नाही, पण त्यानंतर बाई त्या दारात दिसल्या की तो उठून उभा राहायचा आणि हात जोडून विचारायचा, "बाई, आजचं पाकीट बाहेर उघडू का?"

अर्ज हलले नाहीत ते नाहीतच. पण बाई थकणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि त्यांच्या डोक्यात काय शिजतंय हे मला शेवटपर्यंत कधीच आधी कळत नसे.

त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनी प्लॉटिंगवाल्या शेठनाच बोलावलं. त्यांना सगळे आबा म्हणत. मी म्हटलं, "बाई, ज्यांच्याविरुद्ध अर्ज करताय त्यांनाच हार घालायचा?"

"पाहुण्यांचा मान असतो सर. खुर्ची चांगली बघून ठेवा."

खुर्ची त्यांनी स्वतःच ठेवली. फाटकाच्या आत, तारेच्या कुंपणाला लागून, बरोबर रस्त्याच्या वळणावर. सुट्टीचा दिवस असला तरी वरचं काम चालूच असायचं, हे त्यांना ठाऊक होतं. आबा आले. पांढरा लिनन शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. झेंडावंदन झालं आणि कार्यक्रम सुरू झाला. माझ्या नोकरीत इतका लांब कार्यक्रम मी परत कधी बघितला नाही. प्रत्येक मुलाचं भाषण. ज्याला भाषण येत नव्हतं त्याचं गाणं. ज्याला गाणं येत नव्हतं त्याचा पाढा. पाढेवाली पोरं तर दोनदा आली. दर पाच मिनिटांनी मागून एक हायवा जायचा, आबांच्याच कामावरचा, आणि ढग थेट खुर्चीवर उतरायचा. आबा पहिल्यांदा रुमालाने झटकत होते. मग नुसते तोंडावर रुमाल धरून बसले. मग खोकायला लागले. शेवटी भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांचे बूट चहाच्या रंगाचे झाले होते.

"मुलांनो..." ते म्हणाले आणि त्यांना असा ठसका लागला, की पाणी आणावं लागलं.

बाई तांब्या घेऊन स्वतः गेल्या. अगदी मायेने म्हणाल्या, "सावकाश आबा. आधी दम घ्या."

पुढचे तीन शब्द त्यांनी गिळले, पण सगळ्या शाळेने ते मनात म्हटले.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा टँकर सुरू झाला. सकाळी एक, दुपारी एक. खोटं कशाला सांगू, दोन महिने चालला आणि मग पंप बिघडला, डिझेल संपलं, ड्रायव्हर गावी गेला असं करत बंद पडला. पण त्या दोन महिन्यांचे आकडे बाईंनी हिरव्या शाईने लिहिले होते.

आता तन्वीचं सांगतो.

तन्वी गोळे म्हणजे माझ्यापेक्षा एक आकडा पुढे गेलेली ती दोन वेण्यांची मुलगी. तिसरीत गेली आणि तिचा आकडा घसरायला लागला. अठराचे सोळा, सोळाचे बारा. पावसाळ्यात परत वर, दिवाळीनंतर परत खाली. पळताना मध्येच थांबून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहायची. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज. तिचा बाप संतोष त्याच रस्त्यावर हायवा चालवायचा. शेतीचा एक तुकडा विकून त्याने तो घेतला होता. काचेवर मोठ्या अक्षरात 'तन्वी' लिहून घेतलं होतं.

बाईंच्या चिठ्ठीवरून संतोष तिला पौडला घेऊन गेला. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि श्वासातून औषध घ्यायचा पंप लिहून दिला. आठवडा गेला तरी तन्वीचा आकडा हलेना. विचारलं तर म्हणाली, "पंप आजीनं कपाटात ठेवलाय."

शाळा सुटल्यावर बाई तडक गोळ्यांच्या घरी. मला बरोबर नेलं, कारण त्यांच्या मते पुरुष माणूस सोबत असला की म्हाताऱ्या जरा कमी ओरडतात. आजी ओट्यावर बसून मिश्री लावत होत्या.

"त्या पंपाची सवय लागती बाई," आजी तोंडातलं बोट न काढता म्हणाल्या. "एकदा लागली की जलमभर सुटत न्हाई. पोरीची जात हाय. उद्या कोण पदरात घेईल?"

"खरंय आजी," बाई शेजारी टेकल्या. "सवय वाईटच. तुमची मिश्री कधीपासून?"

"लगीन व्हायच्या आधीपासनं."

"मग तुम्हाला कसं काय घेतलं पदरात?"

आजींनी बोट बाहेर काढलं. बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम खळखळून हसायला लागल्या. हसता हसता त्यांनाही खोकला आला. पण तरी हट्ट सोडीनात. "न्हाई, घरात नगं. शेजारणी लई बघत्यात. शाळंत ठेवा. तितं काय करायचं ते करा."

"दोन्हीकडे ठेवू," बाई म्हणाल्या.

"हितं न्हाई म्हंजी न्हाई."

अर्धा विजय घेऊन बाई उठल्या. पंप शाळेच्या कपाटात आला. त्याबरोबर डॉक्टरांनी करून दाखवलेली एक पाण्याची रिकामी बाटली. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक. एका बाजूने पंप दाबायचा, दुसऱ्या बाजूने मुलाने सावकाश श्वास घ्यायचा, म्हणजे औषध तोंडात न राहता छातीत जातं. रोज सकाळी घ्यायचा हा पंप आणि श्वास अडला तर वापरायचा, डॉक्टरांनी आता दिलेला दुसरा, निळा. कधी किती हे डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद बाईंनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तन्वीचा आकडा हळूहळू परत पंधरावर आला. युनूसभाईंनी अस्तराच्या उरलेल्या कापडाचे सगळ्या मुलांना मास्क शिवून दिले. लाल, जांभळे, चकचकीत. शाळा बँडपथकासारखी दिसायला लागली. मी युनूसभाईंना म्हटलं, तुमचे फार उपकार झाले. ते मान खाली घालून म्हणाले, "ती बोलते, मी शिवतो."

आणि मग तो दिवस आला.

थंडीचेच दिवस होते. सकाळी उठलो तर उजेड वेगळाच. सूर्य पत्र्याच्या थाळीसारखा, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. समोरचा डोंगर गेलेला. बोचरा वारा, आणि वाऱ्यात पिठासारखी बारीक धूळ. पावसाळी ढग म्हणावेत तर ओल नाही, धुकं म्हणावं तर दातांत कचकच. मोबाइलवर बातम्या फिरत होत्या, की समुद्रापलीकडच्या वाळवंटात वादळ झालंय, तिथली धूळ वाऱ्याबरोबर इकडे आलीय. शाळेत जाताना पारावर चर्चा रंगली होती.

"ही धूळ आपली न्हाईच. फॉरेनची हाय."

"व्हय, बारीक हाय लई. आपली जाड असती."

जणू पाहुणी आली होती. डंपरवाल्यांना तर फार बरं वाटत होतं. आज त्यांना कुणी काही बोलणार नव्हतं.

बाई आल्या त्या तोंडाला पदर बांधूनच. त्यांनी आधी प्रार्थना आत घेतली. मग हजेरी. त्या दिवशी बहुतेकांचे आकडे खाली होते. तन्वी नऊ. बाईंनी क्षणभर पेन थांबवलं, तिला पंप दिलेला आहे ना याची खात्री केली आणि तिला आतल्या भिंतीशी बसवलं.

अकराच्या सुमाराला वारा वाढला. पत्रे धडधडायला लागले. वरच्या उतारावरचा सैल मुरूम वाऱ्याने उचलला आणि देशी-परदेशी दोन्ही धुळी एकमेकींत मिसळून शाळेवर आल्या. बाईंनी दोन्ही वर्ग एका खोलीत आणले, दारं-खिडक्या लावल्या, सतरंज्या हंड्यात बुडवून फटींवर टांगल्या. पोरं आधी खिदळत होती. मग एकेक खोकायला लागलं.

तन्वी खोकत नव्हती. ती बाकाला दोन्ही हात टेकून पुढे वाकून बसली होती. खांदे कानांपर्यंत वर चढलेले, गळ्याखाली खळगा पडत होता.

बाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. "तन्वी, आकडे म्हण बाळा."

"एक. दोन. ती..."

तिथेच संपलं.

मी कपाटाकडे धावलो. बाईंनी बाटली तिच्या तोंडाला लावली, कागदावर लिहिलं होतं तसा निळा पंप दाबला, थांबल्या, परत दाबला. आवाज अगदी नेहमीचा. "सावकाश. घाई नाही. मला कुठे वडाप चुकायचीय." पण त्यांच्या कपाळावरची धूळ घामाने ओली होऊन खाली उतरत होती. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. तन्वीच्या ओठांचा रंग मला आवडेना.

"पौड," बाई म्हणाल्या. "रुग्णवाहिका पौडहून इथे येणार, मग परत पौडला जाणार. तेवढा वेळ नाही. गाडी बघा."

मी बाहेर पळालो. रस्त्यावर हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. वडाप बंद, माझी मोटरसायकल असल्या वाऱ्यात काय कामाची? वळणावर एक हायवा दिवे लावून उभा होता. समोरचं दिसत नाही म्हणून थांबलेला. काचेवर नाव होतं 'तन्वी'.

संतोषला मी फक्त "पोरगी" एवढंच म्हणालो. त्याने मागचा मुरूम तिथेच रस्त्यावर ओतला आणि गाडी फाटकाला लावली.

डंपरची केबिन माणसाच्या डोक्याइतकी उंच. पाय ठेवायला दोन लोखंडी पायऱ्या. तन्वीला संतोषने वर घेतलं. मग बाई. कडक सुती साडी, गुडघेदुखी आणि एका हातात ती बाटली. पहिला पाय पायरीवर गेला, दुसरा जाईना. मी खालून आधार द्यावा की नाही या संकोचात उभा. बाई वरून गरजल्या, "कदम सर, मुख्याध्यापिकेला ढकललं म्हणून निलंबित करत नाहीत. ढकला!" मी ढकललं. ज्या गाड्यांविरुद्ध त्यांनी आयुष्यात एवढे अर्ज लिहिले, त्यातल्याच एकीत बसून बाई त्या पिवळ्या अंधारात दिसेनाशा झाल्या.

पुढचं मला नंतर संतोषने सांगितलं. वायपरने काच पुसत, हॉर्न दाबत तो गाडी चालवत होता. बाई पोरीला मांडीवर सरळ बसवून ठरल्या वेळाने पंप देत होत्या. संतोष रडायला लागला. "बाई, मीच केलं हे. माज्याच गाडीची धूळ." त्या म्हणाल्या, "रडायचं ते पौडला जाऊन रड. आता रस्ता बघ."

मी शाळेत उरलेल्या एकतीस पोरांना घेऊन ओल्या सतरंज्यांआड बसलो होतो. गोष्ट सांगत होतो, कुठली ते मला आजही आठवत नाही. बऱ्याच वेळाने फोन वाजला. बाईंनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"अकरापर्यंत गेली."

मी पोरांना सांगितलं. ती अशी ओरडली, की पत्र्यांचा आवाज ऐकू येईना.

बाई संध्याकाळी परत आल्या. खरं तर पौडलाच घर होतं, यायची गरज नव्हती. मी कुलूप लावायला थांबलो होतो. वर्गात बसून त्यांनी वही पुढे ओढली, पेन उघडलं आणि लिहिलं मात्र काहीच नाही.

"सर, सकाळी नऊ होता तिचा. मी बघितला. नऊवर तिला परत दवाखान्यात पाठवायला हवं होतं. मी भिंतीशी बसवलं."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांनी ऐकलं नाही. एरवी कुणालाही एका वाक्यात गप्प करणारी ही बाई, त्या दिवशी तिच्याकडे स्वतःसाठी एकही वाक्य नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी नवाच्या पुढे तीन लिहिले, तिनापुढे अकरा, आणि वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून नवा नियम झाला : दहाच्या खाली आकडा गेला की बाजूला बसवणं नाही, चिठ्ठी नाही, थेट दवाखाना.

तन्वी तीन दिवसांनी घरी आली. आजींनी स्वतः शाळेत येऊन दुसरा पंप कुठे मिळतो ते विचारलं. तो त्यांनी घरात कपाटात न ठेवता दारासमोरच्या खिळ्याला अडकवला आणि आल्यागेल्या शेजारणीला दाखवायला लागल्या. "ह्यो आमच्या तन्वीचा पंप. येक हितं, येक शाळंत. डॉक्टर म्हनला, सवय बिवय काय लागत न्हाई." मिश्री मात्र सुटली नाही. बाईंनी आठवण करून दिली, की आजी म्हणायच्या, "ते म्या डॉक्टरला इचारलंच न्हाई."

संतोषने गाडी विकली नाही. विकून खाणार काय? पण दुसऱ्या दिवसापासून तो मुरमावर ओली ताडपत्री बांधायला लागला आणि शाळेपाशी बैलगाडीच्या वेगाने जायला लागला. बाकीचे ड्रायव्हर मागून हॉर्न मारायचे, त्याला "नवरदेव" म्हणायचे. तो हात बाहेर काढून त्यांना सावकाश या म्हणायचा. महिनाभरात आणखी दोघांनी ताडपत्र्या घेतल्या. बाकीच्यांनी नाही घेतल्या. रस्ता पुढच्या वर्षी काँक्रीटचा झाला. तो आमच्या अर्जांमुळे झाला नाही. वरच्या बंगल्यांत राहायला आलेल्यांच्या गाड्या खराब होत होत्या, म्हणून झाला. बाईंना हे मी सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "सर, त्यांनी धूळ पाठवली होती का अर्जासोबत?"

तन्वी आता पौडला हायस्कुलात आहे. दमा गेलेला नाही. खोखो खेळते आणि पंप मैत्रिणीच्या खिशात ठेवते.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. पोरांना डबाभर शीरखुर्मा आणला होता, ईद नसताना. वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "टाळी सारखी वाजवा. तुमची टाळी शनिवारी लवकर वाजते." मी ती वही आजही चालवतो. गेल्या महिन्यात नवे शिक्षक हजर झाले, त्यांनाही रांगेत उभं केलं. ते बावीसपर्यंत गेले. मला जरा वाईट वाटलं.

निवृत्तीनंतर बाई आणि युनूसभाई भूगावला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. फोन व्हायचे, भेट होत नव्हती. मध्यंतरी एका रविवारी माझं त्या बाजूला काम होतं. नव्या इमारतींच्या मधल्या रिकाम्या रस्त्याने चालत होतो, तर समोरून एक पांढरी स्कूटर येताना दिसली. नागमोडी. मागे युनूसभाई, वयाच्या पासष्टीत, शर्टाची बटणं उघडी, दोन्ही हात पुढे धरून धावत. स्कूटरवर मुलाणीबाई. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली चष्मा, साडी पायाशी घट्ट खोचलेली, पाठ ताठ, नजर समोर.

मी आनंदाने रस्त्याच्या मध्ये उभा राहून दोन्ही हात वर केले. "बाई! मी कदम!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघायला जागाच नव्हती. तोच आवाज, सगळ्या इमारतींच्या गॅलऱ्यांमधून माणसं बाहेर येतील असा :

"बाजूला व्हा सर, मला अजून थांबता येत नाही!"

मी बाजूला झालो. बाई गेल्या, त्यांच्या मागून धापा टाकत युनूसभाई गेले, आणि पुढच्या वळणावर दोघंही दिसेनासे झाले.